घरी शिकणाऱ्या मुलांसाठी व्याकरणाचा अभ्यासक्रम कसा निवडायचा?

दोन_पिल्लांची_आई

नमस्कार मंडळी. इथलं सगळं बऱ्याच दिवसांपासून वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात, मोठी दहा वर्षांची आणि धाकटा सात. गणित, विज्ञान, वाचन बऱ्यापैकी मार्गी लागलंय पण व्याकरणाशी आलं की माझी गाडी अडते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवायचंय. घरात आम्ही मराठीच बोलतो, इंग्रजी मुलं पुस्तकांतून आणि व्हिडिओ बघून शिकतायत.

आत्ता माझ्यासमोर तीन प्रकारचे कोर्स आहेत. एक जाडजूड वर्कबुकवाला, रोज एक पान, पहिल्याच धड्यात व्याख्या, नामाचे प्रकार किती ते सांगा, मग गाळलेल्या जागा भरा आणि अधोरेखित करा. दुसरा गोष्टींच्या पुस्तकांवर चालणारा, म्हणजे उतारा वाचायचा, त्यातली दोन-चार वाक्यं नीट अक्षरात उतरवायची, नंतर त्याचंच श्रुतलेखन, आणि व्याकरण जाता जाता. तिसरा ऑनलाइन आहे, व्हिडिओ बघा, क्विझ सोडवा, बॅज मिळवा.

मोठी भरपूर वाचते, गोष्टी रंगवून सांगते, पण लिहायला बसली की पानभर एकच वाक्य, आणि मग, आणि मग, आणि मग, पूर्णविराम कुठे म्हणून नाही. इंग्रजीत ‘ही गो’, ‘शी हॅव’ सर्रास चालू असतं. धाकटा अखंड बोलतो पण पेन्सिल हातात घ्यायची म्हटलं की पाय ओढतो.

तर मला विचारायचंय की कुठल्या वयाला सुरुवात करायची, दोन्ही भाषांना एकाच पद्धतीचा कोर्स घेतला तर सोपं पडेल का, आणि कोर्स हातात आल्यावर चाळताना नेमकं काय बघायचं. पुढे कधीतरी परीक्षा द्यावी लागणारच आहे, त्यामुळे सगळंच सोडून देता येणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

पाटी_पेन्सिल

धाकट्याला आत्ता वर्कबुक अजिबात नको, एवढं मी ठामपणे सांगेन. सात वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा, त्याच्याकडून गोष्ट परत सांगून घ्या, आणि तो सांगतो त्यातलं एक वाक्य तुम्ही कागदावर लिहा आणि त्याला ते बघून लिहू द्या. एकच. त्याचंच वाक्य असल्यामुळे तो कुरकुर कमी करतो. कॅपिटल, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हे सगळं त्या एका वाक्यातून दाखवता येतं.

शब्दांच्या जाती ओळखायला त्याला मजा येत असेल तर माँटेसरीची चिन्हं बघा, नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल, विशेषणाला निळा त्रिकोण. कागदाचे कापून वाक्यातल्या शब्दांवर ठेवायचे. लिहावं काहीच लागत नाही आणि हात चालू राहतात. मोठीबद्दल बाकीचे सांगतीलच.

शब्दांकित

ताई, तुम्ही विचारलंय की दोन्ही भाषांना एकाच पद्धतीचा कोर्स चालेल का. माझ्या मते नाही, आणि सगळ्यात आधी हाच मुद्दा स्पष्ट करून घ्या. मी बरीच वर्षं भाषा शिकवतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

मराठी तुमच्या मुलांची स्वतःची भाषा आहे. तुमचा सात वर्षांचा मुलगा घोड्याला, दिव्याला, झोक्यावर, आरशात हे बिनचूक बोलत असणार, घोडाला किंवा आरसात असं तो म्हणत नाही. त्याला सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं बदललेलं रूप) हा शब्द माहीत नाही पण सामान्यरूप येतं. म्हणजे मराठी व्याकरणात त्याला जे आधीच येतंय त्याकडे थांबून बघायला शिकवायचंय. अशा मुलाच्या हातात विभक्तीचा तक्ता देऊन पाठ कर म्हटलं तर त्याला कळतच नाही की हे आपल्या बोलण्याबद्दल चाललंय. त्यापेक्षा मोठीसोबत हा खेळ करून बघा. ‘आ’ने संपणारे पुल्लिंगी शब्द तिलाच गोळा करायला सांगा आणि प्रत्येकाला ‘ला’ लावायला सांगा. घोडा घोड्याला, पंखा पंख्याला, दिवा दिव्याला, दोरा दोऱ्याला. असे पाच-सहा झाले की ती स्वतःच नियम सांगेल. मग हळूच विचारा, काका? मामा? दादा? राजा? ती काक्याला म्हणणार नाही, काकाला म्हणेल, आणि मग थबकेल. ते थबकणं मला फार मोलाचं वाटतं. हे शब्द का बदलत नाहीत याचा ती विचार करायला लागली, सगळे नात्याचे किंवा मानाचे आहेत का म्हणून आणखी शब्द शोधायला लागली, की व्याकरण सुरू झालं. त्यानंतर सामान्यरूप हे नाव सांगा, लगेच चिकटतं.

इंग्रजीचं उलटं आहे. तिथे कानात काही साठलेलंच नाही. ‘ही गो’ हा निष्काळजीपणा नाहीये, त्यावरून तिला ओरडू नका. मराठीत क्रियापद जागोजागी बदलतं, मी जाते, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातात. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात ते फक्त ही-शी-इटला बदलतं आणि बाकी सगळीकडे तसंच राहतं, त्यामुळे ती एक जागा नजरेतून निसटते. अ, ॲन, द ह्यांना मराठीत जोडच नाही. ऑन, इन, अंडर नामाच्या आधी येतात, आपले वर, आत, खाली नामाच्या मागून. क्रियापद आपलं शेवटी, त्यांचं मध्ये. प्रश्न विचारताना ते कर्ता आणि सहायक क्रियापदाची जागा बदलतात, आपण नुसतं ‘का’ लावतो किंवा आवाज चढवतो, म्हणून मुलं ‘व्हेअर यू आर गोइंग’ असं विचारतात.

आता कोर्सकडे या. बाजारात आणि नेटवर घरी शिकणाऱ्या मुलांसाठी म्हणून जे इंग्रजी व्याकरणाचे कोर्स नावाजले जातात त्यातले पुष्कळसे ज्यांची बोलीच इंग्रजी आहे अशा मुलांसाठी लिहिलेले असतात. ते वाईट नसतात, पण त्यांचा वेळ कशावर जातो बघा, हू आणि हूम, लाय आणि ले, इट्सला ॲपॉस्ट्रॉफी कधी, वाक्यातला प्रत्येक शब्द कुठल्या जातीचा. ‘द’ कधी येतो आणि कधी नाही हे त्या मुलांना शिकवावंच लागत नाही, ते कानाने येतं. तुमच्या मुलीला नेमकं तेच हवंय. म्हणून कोर्स हातात आला की अनुक्रमणिका उघडा आणि अ-ॲन-द कुठे आहे ते शोधा. विशेषणांच्या धड्यात एका पानावर उरकलेलं असेल तर तो कोर्स तुमच्या मुलीसाठी लिहिलेला नाही. तेच प्रकरण दोन-तीन पातळ्यांवर पुन्हा पुन्हा आलं असेल, काळांमध्ये ‘आय वेंट’ आणि ‘आय हॅव गॉन’ यातला फरक वापरून दाखवला असेल, प्रश्न कसे बनवायचे यावर स्वतंत्र धडे असतील, तर तो दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा आहे. तोच घ्या, कव्हरवर काहीही लिहिलेलं असू दे.

म्हणून माझं म्हणणं, इंग्रजीला क्रमाने जाणारा, भरपूर तोंडी आणि लेखी सराव असलेला कोर्स, आणि मराठीला तुमचा तो दुसरा प्रकार, गोष्टी, उतारे, श्रुतलेखन आणि वर सांगितले तसे शोधाचे खेळ. दोन्हीला वर्कबुक घेतलंत तर मराठीचा कंटाळा येईल, दोन्हीला गोष्टीवाला घेतलात तर इंग्रजीतल्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहतील.

घरशाळा_बाबा

शब्दांकित ताईंचा इंग्रजीचा मुद्दा एकदम पटला, अनुक्रमणिकेची ट्रिक मी पण वापरणार. पण मराठीच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे आणि ते मांडतो, राग नसावा.

खेळ आणि शोध हे ज्या पालकाला स्वतःला व्याकरण पक्कं येतं त्यालाच जमतं. काका, मामा अपवाद आहेत हे माहीत असल्याशिवाय तो प्रश्न विचारणार कसा? आमच्या घरात दोघेही नोकरी करतो, संध्याकाळी दमून बसल्यावर आज मुलाला कोणता शोध लावायला द्यायचा हे सुचत नाही. त्यामुळे आम्ही क्रमवार पुस्तकच वापरतो आणि मुलाला ते आवडतं, त्याला आज काय झालं आणि उद्या काय हे दिसलेलं बरं वाटतं. सगळी मुलं सारखी नसतात, काहींना पान संपवून टिक करण्यात खरंच समाधान मिळतं.

आणि संज्ञा लवकर आलेल्या बऱ्या असं मला वाटतं. दहाव्या वर्षी मुलीला कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द माहीत असतील तर तिची चूक दाखवताना तुमच्याकडे बोलायला भाषा असते. नाहीतर ‘हे बरोबर वाटत नाही’ एवढंच म्हणता येतं, त्यातून ती काय शिकणार?

क्रमवार कोर्स घेतलात तर दोन गोष्टी मात्र बघा. एक म्हणजे शिक्षकासाठी वेगळं पुस्तक आहे का आणि त्यात उत्तरासोबत कारण दिलंय का. नुसती उत्तरं असतील तर मुलाने ‘हे का नाही चालणार’ विचारल्यावर आपण गप्प. दुसरं, एकच प्रकरण एका दमात संपवून पुढे जाणारा आहे की थोडं थोडं सगळं आणि पुन्हा फिरून येणारा आहे. पहिल्या प्रकारात मुलं तीन आठवडे समास करतात आणि नंतर सहा महिने समासाचं नाव नाही, विसरून जातात. फिरून येणारा असेल तर रोजचा धडा छोटा राहतो. पंधरा मिनिटांच्या वर व्याकरण नकोच, वय काहीही असो.

अजून एक, आम्हाला वाक्याची आकृती काढण्याचा खूप उपयोग झाला. ही पद्धत अमेरिकेत अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोघांनी १८७७ मध्ये मांडली. आडवी रेघ काढायची, डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद, मधली उभी रेघ आडव्या रेघेला छेदून खाली जाते. कर्म असेल तर क्रियापदानंतर आणखी एक छोटी उभी रेघ, ती खाली जात नाही. विशेषणं आणि क्रियाविशेषणं त्या त्या शब्दाखाली तिरक्या रेघांवर. इंग्रजीसाठीच आहे ती, पण चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना वाक्याचा सांगाडा दिसतो. मराठीत आपलं वाक्यपृथक्करण आहेच, उद्देश्य, विधेय आणि त्यांचे विस्तार, तेही आम्ही असंच रेघा मारून करतो.

दोन_पिल्लांची_आई

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. घोडा-काका मी आत्ताच जेवताना मुलीला विचारलं, ती खरंच थबकली! मग तिने स्वतःच ‘बाबा’ शोधून काढला आणि आता दोघं भावंडं घरभर शब्द शोधत फिरतायत 🙂

घरशाळा_बाबा, तुमचा मुद्दा पण खरा आहे, मला स्वतःला विभक्तीच्या पलीकडचं फारसं आठवत नाही त्यामुळे हाताशी एखादं पुस्तक लागेलच.

आता मला पूर्णविरामाचं सांगा ना कोणीतरी. तिला कितीदा सांगितलं वाक्य संपलं की टिंब दे, पण वाक्य कुठे संपतं हेच तिला कळत नाही. आणि व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारतं का खरंच? माझ्या बहिणीचं म्हणणं आहे की काही फरक पडत नाही.

वाचनवेडी

बहिणीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये. ह्यावर भरपूर संशोधन झालंय, इंग्रजीसाठी. १९६३ मध्ये अमेरिकेत ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांचा अहवाल आला, त्यात त्यांनी चक्क म्हटलं की सुटं औपचारिक व्याकरण शिकवून लेखनावर नगण्य परिणाम होतो, उलट लेखनाच्या सरावाचा वेळ त्यात जात असल्याने तोटाही होऊ शकतो. नंतर २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले अभ्यास एकत्र तपासले, त्यातही सुट्या व्याकरणाचा परिणाम उणेच निघाला. पण त्याच आढाव्यात वाक्यजोडणीच्या सरावाचा परिणाम चांगला दिसला. त्याच्याही आधी १९७३ मध्ये फ्रँक ओ’हेअर यांनी सातवीच्या मुलांना व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता फक्त वाक्यं जोडायला दिली होती आणि मुलांचं लेखन सुधारलं होतं.

ह्याचा अर्थ व्याकरण फेकून द्या असा मी घेत नाही. व्याख्या आणि अधोरेखित करा ह्यातून लेखन सुधारेल अशी आशा ठेवू नका, एवढाच घेते. कोर्स चाळताना एक धडा उघडा आणि बघा, धड्याच्या शेवटी मूल स्वतःचं वाक्य बनवतं की दुसऱ्याच्या वाक्यावर खुणा करतं? सगळा धडा खुणा करण्यातच जात असेल तर तो कोर्स नको, कितीही देखणा असो.

वाक्यजोडणी म्हणजे काय ते दाखवते, मराठीत अगदी सहज करता येतं. तिला ही तीन वाक्यं द्या. मुलगा धावत आला. तो घाबरला होता. त्याच्या हातात पत्र होतं. आता सांगा, ह्यांचं एक वाक्य कर, जितक्या प्रकारे येतील तितक्या. ‘घाबरलेला मुलगा हातात पत्र घेऊन धावत आला.’ ‘धावत आलेला मुलगा घाबरला होता आणि त्याच्या हातात पत्र होतं.’ ‘हातात पत्र घेऊन धावत आलेला मुलगा घाबरला होता.’ तिन्ही बरोबर आहेत, पण पहिल्यात मुलाचं येणं ठळक होतं आणि तिसऱ्यात त्याची भीती. तुझ्या गोष्टीत ह्या ठिकाणी कोणतं हवं, हा प्रश्न विचारायचा आणि तिचं ऐकायचं. ‘होता’चं ‘लेला’ झालं, ‘पत्र होतं’चं ‘पत्र घेऊन’ झालं, हे तिने करून झाल्यावर हवं तर धातुसाधित (क्रियापदाच्या धातूपासून बनलेला शब्द) हा शब्द सांगा. तिच्या ‘आणि मग, आणि मग’ला ह्याच्यासारखं औषध नाही, कारण तिला दोन गोष्टी जोडायचा ‘आणि मग’ सोडून दुसरा रस्ता ठाऊकच नसतो.

शब्दांकित

वाचनवेडी, फार छान मांडलंस. वाक्यजोडणीचा मी पण खूप वापर करते.

पूर्णविरामाचं सांगते. मराठीत एक मोठी सोय आहे, साधं वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावर संपतं. म्हणून मुलीला तिच्याच लिखाणाचं एक पान द्या, तुमच्या हातात पेन घेऊ नका. तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि जिथे जिथे क्रिया पूर्ण झाल्याचा शब्द आला तिथे खाली रेघ मारायला सांगा, आला, गेली, दिसलं, होते, म्हणाली. ‘येऊन’, ‘बघत’, ‘जाताना’ यांना रेघ नाही, कारण ‘ती येऊन’ एवढ्यावर थांबता येत नाही, पुढचं ऐकावंसं वाटतं. पान झालं की प्रत्येक रेघेपाशी तिने ठरवायचं, इथे थांबायचं की पुढच्याशी जोडायचं? थांबायचं असेल तर टिंब. जोडायचं असेल तर का, आणि कशाने, पण, म्हणून, तेव्हा, कारण? बघा, क्रियापद, धातुसाधित आणि उभयान्वयी अव्यय, तिन्ही ह्या एका पानात आले आणि तिन्हींचा तिला लगेच उपयोग झाला.

घरशाळा_बाबा, संज्ञा नकोत असं मी म्हणत नाहीये, दहाव्या वर्षी त्या हव्यातच, फक्त आधी अनुभव आणि मग नाव हा क्रम असावा एवढंच. आणि पालकाला व्याकरण येत नसेल तर पुस्तक पालकाने वाचावं, मुलाच्या हातात देण्याआधी. एक धडा आपण आदल्या दिवशी वाचला तरी दुसऱ्या दिवशी प्रश्न सुचतात.

संज्ञा मराठीत आधी शिकवा, मग त्याच इंग्रजीत वापरा, नाम, क्रियापद, विशेषण हे सरळ चालून जातं. एका ठिकाणी मात्र सांभाळा, प्रयोग. बऱ्याच पुस्तकांत कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं शेजारी शेजारी छापलेलं असतं आणि मुलं तिथे पार गोंधळतात. ‘मुलाने गोष्ट वाचली’ हा आपल्याकडे कर्मणी प्रयोग आहे. तेच इंग्रजीत ‘द बॉय रेड द स्टोरी’, सरळ ॲक्टिव्ह. आपल्याकडे बघायचं असतं की क्रियापद कोणाच्या मागे जातंय. मुलगा गोष्ट वाचतो, मुलगी गोष्ट वाचते, इथे कर्ता बदलला की क्रियापद बदललं, कर्तरी. मुलाने गोष्ट वाचली, मुलीने गोष्ट वाचली, काही फरक नाही, पण मुलाने पाठ वाचला, मुलाने पुस्तक वाचलं, कर्म बदलल्यावर क्रियापद लगेच बदललं, कर्मणी. मुलाने मांजराला पकडलं, मुलीने मांजरांना पकडलं, कोणीही बदला, क्रियापद ढिम्म, भावे. हे असं वाक्यं फिरवून दाखवणारं पुस्तक मिळालं तर डोळे झाकून घ्या. कर्मणीची व्याख्या देऊन खाली इंग्रजी पॅसिव्ह छापणारं बाजूला ठेवा, एवढ्या एका पानावरून लेखकाची समज कळते.

काना_मात्रा

सगळे व्याकरणावर बोलतायत म्हणून मी शुद्धलेखनाचं वेगळं सांगते, कारण मराठी कोर्समध्ये ह्या दोन्हींची सरमिसळ असते आणि मग मुलाचं ह्रस्व-दीर्घ चुकलं की ‘व्याकरण कच्चं आहे’ असा शिक्का बसतो. मूल वाक्य उत्तम बांधत असेल आणि ‘फुल’ लिहीत असेल तर त्याला व्याकरण येतंय, लेखनाचे नियम यायचेत.

आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत, १९६२ साली चौदा नियम मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यात चारांची भर पडली. ह्याचा कोर्सशी संबंध असा की उतारे उतरवून घ्यायची पद्धत वापरणार असाल तर उतारा कधी छापलेला आहे ते बघा. जुन्या छापील पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात, मूल तेच डोळ्यांत साठवतं. वाचून दाखवायला जुनी पुस्तकं जरूर घ्या, उतरवायला नवीन छपाईची. ‘केले’ आणि ‘केलं’चा प्रश्नही लगेच येतो, मुलं विचारतात यातलं खरं कोणतं. दोन्ही खरी, माणसं बोलतायत तिथे ‘केलं’ आणि माहितीच्या लेखनात ‘केले’, एवढं त्यांना पुरतं.

नियम पण एकावेळी एकच घ्या. उदाहरणार्थ फूल, मूल, बहीण, शब्द एकटा असताना शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, आणि प्रत्यय लागला की फुलाला, मुलाला, बहिणीला, ह्रस्व. पंधरा दिवस श्रुतलेखनात फक्त हाच नियम येईल असे उतारे निवडा आणि बाकीच्या चुकांकडे दुर्लक्ष करा, खरंच करा. शरीर शरीराला, परीक्षा परीक्षेला हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत, ते नंतर कधीतरी. श्रुतलेखन म्हणजे अनोळखी उतारा धाडकन वाचून चुका मोजणं नव्हे. उतारा आदल्या दिवशी मुलाला द्यायचा, अवघड शब्द त्याला स्वतःला शोधू द्यायचे, डोळे मिटून शब्द मनात बघायला सांगायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी घ्यायचं. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन शंभराहून जास्त वर्षांपूर्वी असंच सांगायच्या, मूल चुकीचा शब्द लिहिण्याआधी बरोबर शब्द त्याच्या डोळ्यांसमोर असावा.

दोन_पिल्लांची_आई

कर्मणीचं आज मला पहिल्यांदा कळलं, शाळेत मी नुसतं पाठ केलं होतं. वर्कबुकची अनुक्रमणिका पण बघून आले, अ-ॲन-द एका पानात संपलेत आणि हू-हूमला तीन धडे आहेत 😐 म्हणजे तो गेला.

दोन शेवटच्या शंका. ऑनलाइन कोर्स पूर्ण बाद समजू का? मुलीला तो आवडतो आणि मला तेवढ्या वेळात धाकट्याकडे बघता येतं. आणि परीक्षेचं काय, तिथे तर ‘प्रयोग ओळखा’, ‘समास सोडवा’ असंच विचारतात ना?

घरशाळा_बाबा

ऑनलाइन बाद नका करू, पण त्याला मुख्य कोर्स समजू नका. क्विझमध्ये मूल चार पर्यायांतून एक निवडतं, स्वतःचं वाक्य लिहीत नाही, आणि चारातून निवडता आलं म्हणजे लिहिता येतं असं नाही. ही गोज, शी हॅज, अ-ॲन-द असल्या गोष्टींना मात्र पुन्हा पुन्हा सराव लागतो आणि तो यंत्राने घेतलेला बरा, आपण घेतला तर दोघांचाही संयम संपतो. आठवड्यातून दोन-तीनदा त्यासाठी ठेवा. क्विझ संपली की त्यातलंच काहीतरी वापरून स्वतःबद्दल तीन वाक्यं लिहून आणायची असा नियम आमच्याकडे आहे, बॅज त्यानंतर.

परीक्षेसाठी ओळखा-सोडवा प्रकार शेवटच्या वर्षात करून घेता येतो. ज्या मुलीला मुलाने-मुलीने फिरवून प्रयोग समजलाय तिला ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न अवघड जाणार नाही, फक्त उत्तर कसं मांडायचं ते दाखवावं लागेल. अलंकार, वृत्तं, समासाचे उपप्रकार तेव्हाच घ्या, दहाव्या वर्षी त्यांची काही घाई नाही.

पाटी_पेन्सिल

एक राहिलं. मोठीचं लिखाण तपासताना सगळ्या चुकांवर लाल शाई नको. ह्या आठवड्यात फक्त पूर्णविराम बघायचे तर फक्त तेच बघा, स्पेलिंग चुकलं तरी गप्प बसा. आणि रोज एखादं पान असं असू दे की जे कोणीच तपासणार नाही. इतक्या रंगवून गोष्टी सांगणारी मुलगी आहे तुमची, तिचं लिहिणं सुरू राहिलं पाहिजे.